खांदेमळणी

परवाच्या शुक्रवारी, 22 ऑगस्ट 2025 ला, तीन गोष्टी एकाच दिवशी आल्या. गावोगावी बैलपोळा होता. घरोघरी पिठोरी होती, म्हणजे श्रावणाच्या अमावास्येला येणारा आपला जुना मातृदिन. आणि त्याच सकाळी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने भटक्या कुत्र्यांबद्दलचा अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. आई, बैल आणि कुत्रा यांना एका तारखेवर आणून बसवणं पंचांगवाल्यांनाही ठरवून जमलं नसतं.

दोन शाळकरी मुलं आणि एक गावठी कुत्री असलेल्या घरात त्या रात्री जेवताना दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. तसे गेले दोन महिने सगळ्या महाराष्ट्राने प्राण्यांवरून भांडण्यातच काढले आहेत. जुलैच्या सुरुवातीला मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं. ऑगस्टच्या आरंभी दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि 6 तारखेला जमावाने ती ओरबाडून काढली. त्याआधी 28 जुलैला नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्राकडे रवाना झाली. तिला निरोप द्यायला शिरोळ तालुका लोटला, 3 ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत माणसं पायी चालत गेली, आणि वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीची कार्डं बदलण्याची मोहीमच निघाली. त्याच 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांविषयीच्या एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. आणि जुलैतच लातूर जिल्ह्यातला एक म्हातारा शेतकरी, बैल परवडत नाहीत म्हणून, स्वतः औताला जुंपून घेतलेला सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. त्या व्हिडिओवरून मात्र कुठे मोर्चा निघाल्याचं ऐकलं नाही.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. कपाशीचं गाव, आणि कपाशीत डवरा ओढायला अजून तरी बैल लागतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ न चुकता व्हिडिओ कॉल लावतो. घाटावर जिला खांदेमळणी म्हणतात, ती आमच्याकडे खांद शेकणी. बैलाच्या मानेवर जू जिथे बसतं, तिथे हळद आणि तूप पळसाच्या पानाने लावायचं, हाताने चोळायचं आणि दुसऱ्या दिवसाचं आवतण द्यायचं. यंदा फोन वहिनीच्या हातात होता आणि पडद्यावर बराच वेळ नुसता अंधार आणि घंटीचा आवाज येत होता. मग भावाचा हात दिसला. उजव्या बैलाच्या खांद्यावर तो गोलगोल फिरत होता आणि एका जागी थांबला. त्याने बॅटरी मागवली. जुवाखालचं कातडं नेहमीसारखं घट्टे पडून कडक झालेलं होतं, पण त्याच्या कडेला बोटभर जागा मऊ लागत होती आणि दाबली की बैल मान काढून घेत होता. खांदेसूज. पावसात जू ओलं राहतं, दोन्ही बैलांची उंची सारखी नसते, ओझं एकाच बाजूला येतं, आणि असं होतं. चिखलाच्या थरावरून आणि आठ फूट अंतरावरून ते दिसलं नसतं. पोळ्याची मिरवणूक झाली की त्याला सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेतो, असं भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला. यंदा जुवापासूनची सुट्टी एका दिवसाची राहणार नव्हती.

तेव्हापासून मला पोळा वेगळा दिसायला लागलाय. झूल, बेगड, गोंडे, घुंगुरमाळा, शिंगांना हिंगूळ, पुरणपोळीचा घास, ही सगळी शोभा झाली. तिच्या आतला सण म्हणजे वर्षातून एकदा सक्तीने करायची तपासणी. ओढ्यावर नेऊन बैल धुवायचा, तर गोचीड हाताला लागते आणि खुरातला काटा सापडतो. शिंगं घासायची, तर बुडाशी काही मऊ लागतं का ते कळतं. आपल्याकडच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो आणि तो लवकर दिसला तर शिंग काढून जनावर वाचतं, हे खेड्यातल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारावं. नवी वेसण घालायची, तर नाकाची जखम पाहावीच लागते. ज्याने कुणी हा सण बांधला, त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. नुसतं ‘बैलाची काळजी घ्या’ म्हटल्याने कुणी घेत नाही, म्हणून त्याने हात लावायचं निमित्त धर्मात घालून ठेवलं.

यात गहिवरून जाण्यासारखं फारसं नाही. त्याच बैलाची शेपटी पुढच्याच आठवड्यात पिरगाळली जाते. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, पुढे कायदा बदलला आणि 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्या निकालाचा गुलाल उधळणारे आणि बैलाला देव म्हणणारे लोक बहुतेक तेच आहेत. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैल कापायला बंदी झाली, पण काम सरलेल्या बैलाला वैरण कुणी घालायची याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ते शेतकऱ्याने आपल्या परीने शोधलं. बैल ठेवणंच कमी केलं आणि ट्रॅक्टर भाड्याने सांगितला. विदर्भात पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या नावाची गाणी म्हणतात. कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, पुढाऱ्यांची आश्वासनं, सगळं त्यात येतं. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचला नाही तरी चालतं, झडत्या ऐकल्या की तालुक्याचं राजकारण समजतं. आमच्या गावात तोरणाखाली येणाऱ्या जोड्या आता हाताच्या बोटांवर मोजता येतात. झडत्या म्हणणाऱ्यांचा आवाज तेवढाच मोठा आहे.

शहरातल्या आमच्या घरी बैल नाही, बुंदी आहे. पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेली. नेहमीप्रमाणे मुलांनी मागितली आणि आईच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी तिला फिरवायला दोघं भांडत होती, महिन्याभराने कुणाची पाळी नाही यावरून भांडायला लागली. मग फ्रिजवर वेळापत्रक लागलं. त्यात ‘फिरवणे’ आणि ‘जेवण’ यांच्या खाली मी तिसरी ओळ घातली, ‘हात फिरवणे’. हे लाड करण्यासाठी नव्हतं. रविवारी तिला फरशीवर आडवं पाडून कानाच्या मागे, काखेत, पंजाच्या बोटांच्या मध्ये बोट घालून गोचीड शोधायची. धाकट्याला हे काम फार आवडतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तोंड आत तुटू द्यायचं नाही, मग साबणाच्या पाण्यात टाकायची. हे तो पाहुण्यांना जेवणाच्या टेबलावर समजावून सांगतो. ज्यांच्या घरी कुत्रा नाही, ते चहा अर्धा ठेवून उठतात.

पिठोरीचं व्रत सासूबाई अलिबागकडच्या पद्धतीने करतात. चौसष्ट योगिनींची पूजा झाली की खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून पाठमोरं व्हायचं आणि ‘अतीत कोण?’ विचारायचं. मागे बसलेल्या मुलाने आपलं नाव सांगून ते घ्यायचं. आमचे हे पन्नाशीला आले तरी मागे जाऊन बसतात आणि नाव सांगतात. यंदा थोरलीने मला विचारलं, की आई पाठ का करते? मला नीट सांगता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘रोज तोंडाकडे बघूनच वाढते की. एक दिवस न बघता.’ या उत्तरावर मी अजून विचार करते आहे. शास्त्रात काय आहे ते असो, रोजच्या वाढण्याचा हिशेब बाईला पाठ असतो, एवढं त्यातून कळतं.

आता रस्त्यावरच्या कुत्र्याकडे येते. त्याच्याकडे बघणारे पुष्कळ आहेत. कुणी बिस्किट टाकतं, कुणी दगड. त्याच्या अंगावरून हात फिरवून त्याचं काय चाललंय हे पाहणारं मात्र कुणी नाही. संसदेत सरकारने दिलेल्या आकड्यानुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून जास्त घटना नोंदवल्या गेल्या, म्हणजे दिवसाला दहा हजारांवर. त्यातले कितीतरी चावे लहान मुलांना घेतलेले असतात. मूल उंचीला कुत्र्याच्या तोंडाएवढं असतं, पळायला लागतं, आणि घरी सांगायला घाबरतं. हा शेवटचा मुद्दा आईबापांनी नीट लक्षात घ्यावा. ‘कशाला गेला होतास त्याच्या जवळ?’ हे वाक्य ज्या घरात आधी येतं, त्या घरातलं पोर ओरखडा लपवतं.

धाकट्याला गेल्या वर्षी जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीने पोटरीला धरलं. दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त. नळाखाली पाय धरून अंगाच्या साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं असतं. रडणाऱ्या मुलाचा पाय हातात असताना पंधरा मिनिटं किती लांब असतात हे घड्याळाला ठाऊक नाही. तेवढ्या वेळात तीन शेजारणी येऊन गेल्या. एकीने हळद आणली, एकीने मिरचीची पूड सुचवली, एक म्हणाली की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात. यातलं काहीही करायचं नसतं. पोटातली इंजेक्शनं कधीच मागे पडली, आता ती दंडात देतात. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा, अशा ठरलेल्या तारखा असतात, त्या चुकवायच्या नसतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, आणि ते आहे का हे दवाखान्यात तोंड उघडून विचारावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपाय जवळजवळ नाहीच, आणि त्याआधी पूर्ण उपाय आहे. इतका सरळ हिशेब असलेला दुसरा रोग मला माहीत नाही. 6 जुलै 1885 ला लुई पाश्चरने रेबीजची लस टोचवली ती जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला. अल्सासमधून पॅरिसपर्यंत त्याला घेऊन आली होती त्याची आई. पाश्चर स्वतः वैद्य नव्हता, लस माणसावर सिद्ध झालेली नव्हती. ती बाई काय म्हणून तयार झाली असेल, हे चावलेल्या मुलाचा पाय नळाखाली धरलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

अशा आईला 11 ऑगस्टचा आदेश ऐकून बरं वाटलं असेल तर तिला निर्दय म्हणू नये. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असं दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं होतं. पण घरात एक कुत्रं सांभाळणाऱ्या बाईला त्यातली मेख लगेच कळते. एवढ्या कुत्र्यांना कोण खायला घालणार, कोण धुणार, कोण टोचणार? एका पिंजऱ्यात चार अनोळखी कुत्री आणि पाचव्या दिवशी साथ. आणि रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या वस्तीतली, न टोचलेली कुत्री येऊन बसणार. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींनी दुरुस्त केलेला आदेश त्यामानाने शहाणा होता. पकडा, नसबंदी करा, जंताचं औषध द्या, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. खायला घालायला प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्या, वाटेल तिथे घालू नका. ज्याला पुळका आहे त्याने रीतसर दत्तक घ्यावं, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. हे शेवटचं वाचताना मी आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन चेहऱ्यांची मनात हजेरी घेतली.

यात नवं फार थोडं होतं. नसबंदी करून लस टोचून परत सोडायचा नियम 2001 पासून पुस्तकात आहे. 2023 मध्ये तो नव्याने लिहिला गेला, आणि जबाबदारी महापालिकांची आणि नगरपालिकांची आहे हे दोन्ही वेळा लिहिलेलं आहे. चोवीस वर्षं आपण हे काम थोडं थोडं, अर्धं अर्धं केलं. प्रभागात शंभर कुत्र्यांपैकी वीस टोचली तर रोग थांबत नाही. तो तुटायला सत्तरच्या आसपास टोचावी लागतात, तीही दर वर्षी. वीस टोचल्याचा फोटो निघतो, सत्तर टोचायला माणसं लागतात.

हे होऊ शकतं, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था दहा-बारा वर्षं हेच करत आहेत. लांब दांड्याची जाळी घेतलेली पोरं सकाळी दुचाकीवरून निघतात, गल्लीत कुत्रं धरतात, जागच्या जागी लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि मोबाइलवर नोंद करून सोडून देतात. संध्याकाळी खूण नसलेली किती दिसली ते मोजतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत जातात. शाळाशाळांतून मुलांना सांगतात की कुत्रं खाताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना त्याच्या वाटेला जायचं नाही. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. त्यासाठी कुणी उपोषण केलं नाही, कुणाची ताडपत्री फाटली नाही, म्हणून ती बातमी चावडीवर आलीच नाही. मला यातलं ‘दुसऱ्या दिवशी तिथेच परत’ हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या भावाचा हात खांद्यावर गोल फिरतो तो असाच, राहिलेल्या जागेवरून पुन्हा.

कबुतरांचं यापेक्षा सोपं आहे आणि म्हणूनच अवघड. पिशवीभर चणे विकत घेऊन लांबून उधळले की पुण्य पदरात पडतं. त्या पक्ष्याला काय झालंय, तो कुठे घरटं करतो, त्याची विष्ठा कुणाच्या खिडकीत वाळते आणि कुणाच्या फुप्फुसात जाते, हे उधळणाऱ्याला पाहावं लागत नाही. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे ते पाहतात. माझा या बाबतीत कौल ताडपत्रीच्या बाजूने आहे. धर्माला हात लावायची माझी इच्छा नाही, पण दाणा टाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा खालची फरशी धुवायची असा नियम केला तर निम्मी गर्दी ओसरेल असं मला वाटतं.

माधुरीच्या बाबतीत मात्र मला असा झटपट कौल देता येत नाही. तीसहून अधिक वर्षं एका गावाने तिला आपलं म्हटलं. नांदणीच्या बायांचं रडणं खोटं नव्हतं, टीव्हीवर ते बघताना माझ्याही घशात आलं. पण न्यायालयासमोर पायांच्या दुखण्याचे आणि एकटेपणाचे अहवाल होते, तेही रडण्याने खोटे ठरत नाहीत. हत्तीण कळपात राहणारा प्राणी. सिमेंटच्या जमिनीवर साखळीत उभी राहिली की तिच्या तळव्यांचं काय होतं, हे माहुताखेरीज कुणी खाली वाकून पाहिलं होतं का? जामनगरला तरी कोण पाहणार आणि किती वर्षं? श्रीमंताच्या घरची हौस आणि गावची श्रद्धा यांत हत्तिणीच्या पायाला फरक काय पडतो, ते तिचे तळवे दर महिन्याला कोण घासतं यावर ठरेल. या ऑगस्टमध्ये नांदणीलाच तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारायची भाषा सुरू झाली. झालं तर आनंदच. तिथे पशुवैद्याची जागा भरलेली आहे ना, एवढं कोल्हापूरकरांनी विचारत राहावं. ती माणसं विचारायला भीत नाहीत.

बुधवारी गणपती येतायत. यंदापासून सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे आवाजही राजेशाही असणार. बुंदी आतापासूनच ढोलाच्या तालमीला दिवाणाखाली जाते. तिथे तिची जुनी चादर घालून ठेवली आहे आणि मिरवणुकीच्या संध्याकाळी घरी कोण थांबणार यावर फ्रिजवर खाडाखोड चालू आहे. सोसायटीची सभाही उद्याच आहे. विषयपत्रिकेत वर्गणी पहिली, पार्किंग दुसरं आणि ‘भटकी कुत्री, न्यायालयाचा आदेश’ चौथं. नेहमीच्या दोन बाजू बसतील, एक हाकला म्हणणारी आणि एक खायला घाला म्हणणारी. मी वहीत तीन प्रश्न लिहून नेणार आहे. आपल्या आवारात कुत्री किती, त्यातल्या किती जणांचा नसबंदीची खूण म्हणून कान कापलेला आहे, आणि शेवटची लस कधी टोचली. पहिल्याचं उत्तर सेक्रेटरी अंदाजाने देतील. उरलेल्या दोन उत्तरांसाठी कुणाला तरी खाली जाऊन वाकून पाहावं लागेल, त्याला धाकटा तयार आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की चिमटा सोसायटीने आणून द्यावा, आपला बुंदीचा आहे.